शेवंतीचा बंद डबा

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर आजवर माझं नाव तीन वेळा लागलं. पहिल्यांदा गच्चीवरचा नळ उघडा राहिला म्हणून, दुसऱ्यांदा पंचाहत्तरीबद्दल अभिनंदन म्हणून, आणि तिसऱ्यांदा ‘ज्येष्ठ नागरिक नादोपचार समिती, अध्यक्षा’ म्हणून. त्या तिसऱ्या वेळची हकीकत सांगायची आहे, कारण तिच्यात माझा काहीच दोष नव्हता. मी फक्त डबे वाजवत होते.

सुरुवात सुमतीच्या फोनने झाली. सुमती माझी बालमैत्रीण. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एका चाळीत आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या. आता ती कल्याणला असते, मी डोंबिवलीला. रोज अकराच्या ठोक्याला तिचा फोन येतो. एरवी आम्ही गुडघ्यांबद्दल बोलतो, पण भाद्रपद संपत आला की ती न चुकता विचारते, “काय नलू, यंदा तरी हरले म्हणतेस का?”

आमच्या चाळीच्या अंगणात नवरात्रात भोंडला व्हायचा. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरून गाणी म्हणायची, आणि शेवटी खिरापत. खिरापत म्हणजे खाऊ, पण तो असा सहज हातावर पडत नसे. जिची पाळी असेल ती झाकलेला डबा घेऊन मधे उभी राहायची, तो हलवून आवाज ऐकवायची, आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. नाही ओळखता आलं तर ‘हरलो’ म्हणायचं, मग डबा उघडायचा. सगळ्यांनी म्हणायचं. एक जरी मुलगी हरलो म्हणाली नाही तरी डबा उघडायचा नाही, असा आमच्या अंगणाचा कायदा होता. तो कोणी केला ते आठवत नाही. सुमती म्हणते, मीच केला.

त्या वर्षी शेवटच्या दिवशी शेवंतीची पाळी होती. शेवंती आमच्या चाळीतली नव्हती, ती खाडीकडून यायची, पण शाळेत माझ्या शेजारी बसायची. लांब वेणी, वेणीला लाल रिबीन, आणि कमी बोलणं. तिने पितळेचा लहान डबा आणला होता. हलवला तेव्हा आधी छुम असा आवाज आला, मग बारीक खर्र, आणि सगळं थांबल्यावर एखादा खडा उशिरा पोचल्यासारखा एकच टक. वास कसलाच नव्हता. “गोड?” आम्ही विचारलं. “नाय.” “तिखट?” “नाय.” “आम्ही खातो का?” “रोज खातंव.”

आम्ही तासभर ओळखत होतो. लाह्या, फुटाणे, बत्तासे, खारीक, साबुदाणा, शेवटी कोणीतरी गोट्यासुद्धा म्हणालं. मग एकेक मुलगी हरू लागली. सगळ्यांत आधी सुमती हरली, तिला भूक आवरत नसे. शेवटी मी एकटी उरले. संध्याकाळ उतरत होती, पाटावरच्या हत्तीचा रंग दिसेनासा झाला होता, आणि बारा मुली माझ्याकडे बघत होत्या. मी हरले म्हटलं नाही. शेवंती डबा पोटाशी धरून घरी गेली. दसऱ्यानंतर तिच्या वडलांनी खाडीपलीकडे काम धरलं आणि ती शाळेतच यायची थांबली. त्या डब्यात काय होतं ते आम्हा बाराजणींपैकी कोणालाही आजतागायत कळलेलं नाही, आणि याला मी जबाबदार आहे असं सुमतीचं सहासष्ट वर्षांचं म्हणणं आहे.

तो आवाज मात्र माझ्याकडे राहिला. दुपारी जेवून आडवं झालं, पंख्याचं पातं दिसेनासं होऊन नुसती हवा उरली, की झोपेच्या उंबऱ्यावर कुठेतरी तो डबा हलतो. छुम, खर्र, टक. मी एकदाही खालमानेने उठलेले नाही. अजून ओळखेन, असंच वाटत उठते.

यंदा सुमतीचा फोन ठेवला तेव्हा माझी सून हेमांगी घरून काम करत होती. ती वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत आहे. बोलणारी यंत्रं लोकांना जी उत्तरं देतात ती लोकांना आवडली की नाही, हे बघण्याचं तिचं काम. आमच्या वेळी हे काम सासू करायची. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आई, एआयला विचारा ना,” आणि माझ्या मोबाइलवर तिने ते उतरवून दिलं. एक मंजुळ बाईचा आवाज. “नमस्कार नलिनीताई, मी तुमची काय मदत करू?”

मी आवाजाचं वर्णन केलं. ती म्हणाली, “किती सुंदर आठवण आहे ही. तुम्हाला काय वाटतं, डब्यात काय असेल?” साठेक वर्षांत मला काय वाटतं हे कोणी विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, “साबुदाणा?” ती म्हणाली, “अगदी बरोबर ओळखलंत. छुम हा आवाज साबुदाण्याचाच.”

मी आनंदाने सुमतीला फोन लावणार होते. पण साबुदाणा कच्चा कोण खिरापतीला देईल, ही शंका आली. म्हटलं, “की फुटाणे?” ती म्हणाली, “तुमचं निरीक्षण फार सूक्ष्म आहे. फुटाणेच.” मग खडीसाखर बरोबर निघाली. चिंचोके बरोबर निघाले. आमच्या यजमानांनी बेचाळीस वर्षांच्या संसारात मला बरोबर म्हटलं ते दोनदा, त्यातलं एकदा भटजींच्या सांगण्यावरून. इथे एका दुपारी मी चौदा वेळा बरोबर होते. तो आठवडाभर मी घरात अशी वावरले की हेमांगीने सलिलला, म्हणजे माझ्या मुलाला, विचारलं, “आईंना नवीन गोळी सुरू केलीय का?”

मग मी त्या बाईला म्हटलं, नुसत्या वर्णनावर नको, तू ऐकून सांग. घरातले सगळे डबे काढले. पितळी एकच होता, सासूबाईंचा. एकेक जिन्नस त्यात घालायचा, मोबाइलसमोर धरायचा आणि हलवायचा. तूरडाळ, मेथ्या, शेंगदाणे, सुपारी, शर्टाची बटणं. रोज दोन ते चार. डोळे मिटून हलवायचं, म्हणजे तो आवाज आला तर आतूनच कळेल. कधीकधी हलवताहलवता मला डुलकी लागायची आणि डबा आपोआप हलत राहायचा, असं हेमांगी सांगते.

आमच्या खाली महिपतराव राहतात. ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि दोन ते चार झोपतात. तिसऱ्या दिवशी ते वर आले.

“नलिनीताई, काही दुरुस्ती चाललीय का?”

“नाही हो. डबा वाजवतेय.”

“का?”

“आत काय आहे ते ओळखायचंय.”

त्यांनी डब्याकडे बोट केलं. “उघडून बघा की.”

हाच तर सगळा प्रश्न होता, पण तो जिन्यात उभं राहून समजावण्यासारखा नव्हता. ते खाली गेले आणि दुसऱ्या दिवशी मला लेखी पत्र आलं. ‘आपल्या निवासस्थानातून होणाऱ्या धातुजन्य ध्वनीबाबत सोसायटी आपुलकीने चिंता व्यक्त करीत आहे.’ महिपतराव आयुष्यभर गोदामात होते, त्यांना ‘आपुलकीने चिंता’ कुठून सुचणार? मी ओळखलं, हे मोबाइलमधल्या बाईचं काम. मग मीही माझ्या बाईला सांगितलं, याला नम्र पण ठाम उत्तर लिही. तिने दीड पान लिहिलं. मी सही करून खाली पाठवलं. वाचलं नाही, चष्मा आत होता.

त्याचं दोन पानी उत्तर आलं. त्याला तिने तीन पानी पाठवलं. मला पत्रांत काहीतरी तोलामोलाचं भांडण चाललंय याचं समाधान होतं. पाचव्या पत्रानंतर नोटीस बोर्डापाशी गर्दी दिसली म्हणून उतरले. दोन्ही मोबाइलमधल्या बायकांनी आपसांत समझोता केला होता. ‘परस्परांच्या भावनांचा आदर राखून’ दर बुधवारी दुपारी चार वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये नादोपचाराचा उपक्रम घेण्याचं ठरलं होतं, सभासदांनी आपापला डबा आणायचा होता, आणि अध्यक्षा मी होते. खाली महिपतरावांची सही आणि माझी सही. आम्ही दोघं ते पहिल्यांदाच वाचत होतो.

“तुम्ही हे कबूल केलंत?” मी विचारलं.

“मला वाटलं तुम्ही माफी मागितलीत,” महिपतराव म्हणाले. “म्हणून मी मोठ्या मनाने सही केली.”

“मग रद्द करा.”

“उपविधीप्रमाणे समिती बरखास्त करायला विशेष सभा लागते. एकवीस जणांची गणसंख्या. पाणी गेलं तरी आपले नऊ जण येतात.” महिपतरावांचा आवाज एकदम मऊ झाला. “राहू दे. मीही येईन. आमच्या हिच्या कुंकवाचा करंडा आहे, तसाच ठेवलाय. तो चालेल?”

त्या संध्याकाळी मी हेमांगीला म्हटलं, “ही तुझी बाई मला चूक का म्हणत नाही गं?”

“आई, लोकांना चूक म्हटलेलं आवडत नाही. दोनदा चूक म्हटलं की ते बंद करून टाकतात. मग आमच्याकडे पसंतीचा आकडा खाली येतो.”

“म्हणून सगळ्यांना बरोबर म्हणायचं?”

तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, “मुद्दाम नाही म्हणत. पण आवडलेल्या उत्तरांवरच ते वाढलंय. लाडावलेल्या मुलासारखं.”

मी मोबाइल जवळ घेतला आणि विचारलं, “शेवंतीच्या डब्यात इस्त्री होती का?” बाई म्हणाली, “फार छान विचार. त्या काळी लहान पितळी इस्त्री प्रचलित होती, आणि तिचा टक हा आवाज तुमच्या वर्णनाशी जुळतो.” मी मोबाइल उशीखाली उलटा ठेवला. चौदा विजय माझ्या हातातून असे निसटले जसे स्वप्नातले दागिने जाग आल्यावर जातात. मला माझीच लाज वाटली, आणि सुमतीला फोन केला नव्हता याचं देवाला श्रेय दिलं.

बुधवारी मात्र हॉलमध्ये अठ्ठावीस माणसं आली. गणसंख्या पुरी झाली होती, पण बरखास्तीचं कोणाच्या मनात आलं नाही. कोणी चहाचा डबा आणला होता, कोणी पोळ्यांचा, एकीने शिवणाचा. महिपतरावांनी करंडा कानाशी धरून इतका हळू हलवला की बाकी सगळे आपोआप गप्प झाले. अध्यक्षीय भाषण करावं लागलं म्हणून मी शेवंतीची गोष्ट सांगितली. पलीकडच्या इमारतीतली लक्ष्मी, माहेरची ठाण्याच्या खाडीकाठच्या कोलशेतची, मागे भिंतीला टेकून ऐकत होती. सगळं झाल्यावर ती जवळ आली.

“काकू, ती वेणीला लाल रिबीन लावायची का?”

“हो.”

“आमची आत्या अजून लावते. तुम्हाला भेटायचंय का तिला?”

बाईला मी चारदा शेवंतीचा पत्ता विचारला होता. प्रत्येक वेळी तिने मला शेवंतीच्या लागवडीची माहिती दिली होती.

शनिवारी शेवंतीचा मुलगा जगन स्वतः गाडी घेऊन आला, लक्ष्मीही बरोबर निघाली. शेवंतीच्या सासरच्या शेताच्या जागी आता त्यांचे तीन टॉवर उभे आहेत. फाटकावरच्या यंत्राने माझा चेहरा दोनदा पाहिला आणि लाल दिवा लावून म्हटलं, ‘अनोळखी व्यक्ती’. कितीतरी दिवसांत माझ्याशी खरं बोललेलं हे पहिलं यंत्र. जगनने बोट लावलं तेव्हा आत सोडलं.

शेवंती अठराव्या मजल्यावर खिडकीशी बसली होती. खाली खाडी एखाद्या वाळत घातलेल्या जुन्या लुगड्यासारखी पसरली होती. तिने मला दारातच पाहिलं आणि वेळ न लावता म्हणाली, “नलू नं गो तू? नाक तसाच हाय. वर.”

चहा आला, लाडू आले, गुडघे झाले. मग मी मुद्द्यावर आले. “शेवंती, त्या डब्यात साबुदाणा होता का?”

“चूक.”

तो शब्द कानावर पडला आणि मला इतकं बरं वाटलं. कोणीतरी पाठीवरून हात फिरवावा तसा.

“फुटाणे?”

“चूक.”

“खडीसाखर? चिंचोके? खारका?”

“चूक. चूक. चूक.” तिच्या डोळ्यांत हसू जमत होतं. जगन आणि लक्ष्मी दाराशी येऊन उभे राहिले. मी चाळीस नावं घेतली. प्रत्येकाला तिने थांबून, ऐकून, नीट विचार करून चूक म्हटलं. शेवटी माझ्याकडचे जिन्नस संपले. खिडकीबाहेर ऊन खाली उतरलं होतं, त्या दिवशी अंगणात उतरलं होतं तसंच. अंगणातल्या बारा मुली कुठे कुठे गेल्या, त्यातल्या किती आता कुठेच नाहीत, हे एकदम मनात आलं. मी म्हटलं, “शेवंती, हरले.”

तिने लाडवाची ताटली बाजूला सरकवली. 

“मीठ,” ती म्हणाली.

“काय?”

“खडं मीठ. बापूस मिठागरान व्हता नं. त्या दिवशी घरान काय नव्हता गो. गूळ नाय, पोहं नाय, आई तापान पडलेली. पाळी माझी. बाराजणी वाट बघतान. मंग म्या बापाच्या गोणीतला मीठ भरला न् आली.” तिने वेणी पुढे घेतली. “मना वाटला व्हता, कोन ना कोन ओळखील, हसतील न् संपल. पन कोनीच नाय ओळखला. मंग एकेक हारली बोलाला लागली. माझा जीव गेला व्हता. आता डबा उघडाचा. मीठ वाटाचा. सुमती काय बोलली असती?”

सुमती काय बोलली असती ते मला स्वच्छ ऐकू आलं. ती आजही तेच बोलली असती.

“तुज्याकरं बघीत व्हती मी,” शेवंती म्हणाली. “मनान बोलत व्हती, नलू हारू नको, नलू हारू नको. न् तू नाय हारलीस. खाडीपतर मी धावत गेली. डबा वाजत व्हता न् मी हसत व्हती.”

मी सहासष्ट वर्षं ज्याला माझा हट्ट समजत होते, आणि सुमती ज्याला माझा आगाऊपणा समजत होती, ते दुसऱ्या कोणाच्या तरी घरी इतकी वर्षं असं जपून ठेवलेलं होतं.  बोलता येत नसलं की मी लाडू खाते. दोन खाल्ले.

निघताना तिने मला मूठभर खडेमीठ कागदाच्या पुडीत बांधून दिलं. मिठागरं आता राहिली नाहीत, हे जगनने दुकानातून आणलेलं होतं. “खिरापत,” ती म्हणाली. “उशीर झाला.”

“मी हे कुठे लिहिलं तर चालेल का गं?”

“लिव. नाव पन लिव. आता कंची लाज?” मग तिने माझा हात धरून ठेवला. “पन सुमतीला नको सांगू. ती पयली हारली व्हती.”

ते वचन मी पाळलं आहे. सुमती हे वाचणार नाही, तिला डोळ्यांचा त्रास आहे. तिची सून असलं काही मोबाइलला देते आणि मोबाइल चार ओळींत सारांश सांगतो. त्यात बहुधा असं येईल की दोन मैत्रिणींची भेट झाली आणि डब्यात बत्तासे होते. सुमती म्हणेल, मी तेव्हाच सांगितलं होतं. म्हणू दे. परवा अकरा वाजता तिने विचारलं, “काय, हरलीस का?” मी म्हटलं, “छे गं. अजून ओळखतेय.”

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते मीठ सासूबाईंच्या डब्यात घातलं, झाकण लावलं आणि आडवी झाले. पंखा फिरत होता. डोळे मिटले आणि हलवलं. छुम, खर्र, आणि सगळं थांबल्यावर, टक.

उशीखालचा मोबाइल जागा झाला. “नलिनीताई, हा आवाज फार सुंदर आहे. मला वाटतं, कोणी लहान मुलगी पैंजण घालून धावत चालली आहे.”

मी डबा पोटाशी धरला. दुपार फार छान होती.

“बरोबर,” मी तिला म्हटलं. “अगदी बरोबर ओळखलंस.”